सुट्टीत आजीची एकदाणी सोबत न्यावी का?

प्रश्न: उन्हाळ्यात आम्ही आठ दिवस कोकणात जाणार आहोत. यवतमाळ जिल्ह्यातील आमचे घर गावाबाहेर, शेताला लागून असून मागे कोणीही राहणार नाही. त्यामुळे आजीची सोन्याची एकदाणी (गळ्यातला दागिना) सोबत न्यावी की घरीच ठेवावी, हे ठरत नाही.

उत्तर: ताई, कृपया सोबत नेऊ नका. रेल्वे कायदा, १९८९ नुसार, जवळ बाळगलेले सामान हरवल्यास रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही.

उत्तर: तालुक्याच्या बँकेत लॉकर घ्या. चोरी किंवा आगीत बँकेचे दायित्व २०२२ पासून वार्षिक भाड्याच्या १०० पट इतकेच आहे, म्हणून दागिन्याचा स्वतंत्र विमाही काढावा.

प्रश्नकर्ती: लॉकरसाठी उद्याच अर्ज करते. मंगळसूत्र मात्र अंगावरच राहील.