मोबाईलचा फोटो छपाईत फाटतो?

अंकाच्या मुखपृष्ठासाठी कॅमेराच हवा, मोबाईलचा फोटो छापताना फाटतो, म्हणजे त्याचे ठिपके दिसू लागतात, असं म्हणतात. मला नाही पटलं. ए४ पानाला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल, पावणेनऊ मेगापिक्सेलच्या आतच. १२ मेगापिक्सेलचा साधा फोनही तेवढं देतो. घोळ होतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर. आमच्या अंकाच्या वेळी पणजीत फोंताइन्हास या जुन्या रंगीत घरांच्या वस्तीत काढलेले फोटो मैत्रिणीने ग्रुपवर टाकले आणि आम्ही तेच उचलून पानात बसवले. स्क्रीनवर झकास, छापून आले ते धुरकट! नंतर कळलं की तिथे फोटो दाबून बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर मूळ फाइल तशीच मिळाली असती.

दुसरी फजिती रंगांची. फोंताइन्हासच्या भिंतींचा तो गडद निळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) गेला की जांभळट, मरगळलेला दिसतो. म्हणून एक पान आधी प्रेसमध्ये काढून बघा. आणि फोटो उभा घ्या, वर अंकाच्या नावापुरती भिंत मोकळी ठेवा. आमच्या अंकाचं नाव नेमकं खिडकीवर चढलं होतं. हो, घरमालकांना आधी विचारा. आम्हाला एका आजींनी बाल्कनीतूनच हाकललं, त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.