पोपच्या नावाची पोरं: तुमच्या घरात कोण कोण?

पॉलीन_वसई
काल, ८ मे २०२५ ला, रात्री पावणेदहाला टीव्हीवर व्हॅटिकनचा पांढरा धूर दिसला, नवा पोप निवडल्याची खूण. तासाभराने नवे पोपमहोदय 'लिओ चौदावे' म्हणून सज्जात आले. आई आरामखुर्चीत माळ घेऊन बसलेली. म्हणाली, "झालं, आता पावसाळाभर देवळात बाप्तिस्म्याला लिओच लिओ." आणि माझ्याकडे बघून हसली.

हसणारच. मीही त्यातलीच. जन्म ११ डिसेंबर १९६४. त्याच महिन्याच्या सुरुवातीला पोप सहावे पॉल युखरिस्तिक काँग्रेससाठी, म्हणजे जगभरातल्या कॅथलिकांच्या मेळाव्यासाठी, मुंबईत आले होते, भारतात आलेले पहिले पोप. नववा महिना भरत आलेला, तरी आई लोकलने चर्चगेटला गेली. सोबत आजी. एका पिशवीत भाकऱ्या आणि सुकटीची चटणी, दुसऱ्या पिशवीत जुनी मऊ लुगडी, वाटेतच काही झालं तर असावीत म्हणून. ओव्हलवर एवढी माणसं की आजीची एक चप्पल तिथेच राहिली ती राहिलीच. "मी पोप बघितला" हे वाक्य आईने पुढे साठ वर्षं पुरवलं. मुलगा झाला असता तर पॉल, मुलगी झाले म्हणून पॉलीन. घरात मात्र आजतागायत मी 'बाय'.

तुमच्याकडचे सांगा. मोबाईलवरून लिहितेय, चुका पोटात घाला.

जॉनपॉल_८६
हजर! फेब्रुवारी १९८६, पोप दुसरे जॉन पॉल यांची शिवाजी पार्कची मिस्सा (चर्चची मुख्य प्रार्थना), मी तेव्हा चोवीस दिवसांचा. नाव ठेवलं जॉन पॉल. शाळेने दाखल्यावर लिहिलं जॉन, मग पॉल, मग आडनाव. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे बाप. संपलं! गुणपत्रिका, रेशनकार्ड, सगळीकडे माझ्या वडिलांचं नाव पॉल. ते बिचारे पेद्रू. प्रत्येक खिडकीवर तेच, "वडिलांचं नाव जुळत नाही." शेवटी गॅझेटात देऊन दोन्ही शब्द जोडून घेतले. पप्पा म्हणाले, "चला, एकतिसाव्या वर्षी का होईना, माझा मुलगा झालास."

सुनीता_डोंबिवली
पेद्रूकाकांना साष्टांग नमस्कार 😄

कॅरॉल_पुरुष_आहे
जॉनपॉल भाऊ, तुझं बरं म्हणायचं. माझा जन्म ऑक्टोबर १९७८ च्या शेवटचा. पोप नुकतेच निवडून आलेले. आमचे वडील पेपर बारीक वाचणारे. "जॉन पॉल सगळेच ठेवतील, आपण त्यांचं पाळण्यातलं नाव ठेवू." कारोल वोयतिवा मधला कारोल! पहिलीत बाईंनी हजेरी घेताना मला मुलींच्या रांगेत बसवलं. मी बसलो पण, दोन दिवस. पुढे लग्नाच्या साइटवर नाव घातलं तर तीन मुलांची स्थळं आली. एकाची नोकरी चांगली होती.

मिलिंद_पुणे
चहा सांडला राव.

खीर_नको
आमचे धाकटे काका पायस. जन्म १९५१, तेव्हा बारावे पायस गादीवर. संस्कृतच्या सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पायस? दशरथाच्या यज्ञातलं? मग तीन वाट्या कुठायत?" वर्ग फुटला. काका पंचाहत्तरीला आले, नाक्यावरचे मित्र अजून "ए खीर" अशीच हाक मारतात. काकूला लग्नानंतर वर्षभर कारण माहीत नव्हतं, तिला वाटायचं काकांना गोड आवडतं. दर रविवारी करायची.

नाक्यावरचा
आमच्या आळीत एक अर्बन आहे. आठ पोप झालेत त्या नावाचे. पण सगळे त्याला 'बँक' म्हणतात. उधार मागायला गेलं की तो म्हणतो, बँक बुडाली.

मिलिंद_पुणे
अवांतर: नगर रोडवर पेपल सेमिनरी (फादर होणाऱ्यांचं विद्यालय, पेपल म्हणजे पोपचं) आहे, तिच्यावरून रोज जातो. कित्येक वर्षं मला ते 'पेपर' वाटायचं. कागदाचं काहीतरी असेल.

निवृत्त_मास्तर
मिलिंदराव, ती सेमिनरी आधीच्या लिओंची, तेराव्यांची. १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू केली, १९५५ मध्ये पुण्याला आली. बोधवाक्याचा अर्थ साधारण असा, की हे भारता, तुझे पुत्रच तुझ्या तारणाचे सेवक होतील. त्यामुळे लिओ हे नाव आपल्याला परकं नाही. जुन्या पिढीत बरेच लिओ सापडतील.

नावाच्या नियमाचंही सांगतो. १९१७ च्या धर्मसंहितेत बाप्तिस्म्याला संताचं नाव हवंच असं होतं. आईबाप ऐकत नसले तर फादरांनी संताचं एक नाव जोडून नोंदवहीत दोन्ही लिहायची. १९८३ पासून एवढंच, की ख्रिस्ती भावनेला विसंगत नाव नसावं. म्हणून आता आमच्या धर्मग्रामात आरव आणि कियारा आहेत.

म्हापशेकर
गोव्यात पोपला 'पाप सायब' म्हणतात. माझी पुण्याची बायको लग्नानंतर पहिल्यांदा देवळात आली. फादरांनी पाप सायबासाठी प्रार्थना सांगितली. ती कानात म्हणते, "कोणाचं पाप?"
पुतण्या २०१३ चा, फ्रान्सिस. पोपनी स्वतः सांगितलं, नाव असिसीच्या फ्रान्सिसवरून घेतलं. आमची आजी ऐकायला तयार नाही. "जेझुइट ना तो? मग आमच्या गोंयच्या सायबावरूनच, जेझुइट संघाच्या फ्रान्सिस झेवियरवरूनच, घेतलं असणार." गेल्या महिन्यात पोप फ्रान्सिस वारले तेव्हा पुतण्याला जवळ बसवून घेतलं, दिवसभर सोडलं नाही.

सुनीता_डोंबिवली
😢

बेनीची_आई
माझा बेनेडिक्ट २००५ चा. दुसरीत होता तेव्हा पोप बेनेडिक्टनी राजीनामा दिला. घरी येऊन विचारतो, "मम्मी, आता माझं नाव पण बदलणार?" भाजी फोडणीला टाकलीय, येते नंतर.

शंकाखोर
एकही पोप पीटर दुसरा का नाही? आमच्या गल्लीत सात पीटर आहेत.

निवृत्त_मास्तर
पहिले पोप म्हणजे संत पीटर, त्यांचा मान राखून आजवर कोणी ते नाव घेतलं नाही. ख्रिस्ती घरांनी मात्र तो संकोच केला नाही.

आगाशीची_मुलगी
पॉलीनताई, वसईत आहात तर एक विचारू? घरची सुकेळी (सुकवलेली केळी) हल्ली कुठे मिळतील? निर्मळच्या जत्रेत घेतली होती, मुलांनी दोन दिवसांत संपवली.

पॉलीन_वसई
अगं, त्यासाठी लागणारी राजेळी केळी लावतंय कोण आता. विचारून सांगते.

सगळ्यांचं आईला वाचून दाखवलं. कॅरॉलच्या स्थळांवर ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग माळ बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मला काय दिसला नाही गं पोप." मी गार! पुढे एक उंच माणूस होता, खांद्यावर पोरगं घेतलेला. त्याची पाठ तेवढी दिसली, तपकिरी चट्ट्यापट्ट्यांचा सदरा. लोक ओरडले म्हणून हीही ओरडली. तिकिटाचे पैसे आजीने अंडी विकून जमवलेले, वर चप्पल गेलेली. परतीच्या गाडीत आजीने विचारलं, "दिसला ना?" ही म्हणाली, "दिसला."

जॉनपॉल_८६
ताई, मग खरं तर त्या सदरेवाल्याचं नाव ठेवायला हवं होतं.

बेनीची_आई
भाजी करपली. सुकेळीवाल्याचा नंबर मिळाला तर मलापण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.