ग्रॅज्युएशनच्या भाषणातली चार वाक्यं काढा म्हणतायत, काय करावं?

एडिसनची_आई:
लेक न्यू जर्सीत पब्लिक हायस्कूलला, व्हॅलेडिक्टोरियन (बॅचमध्ये पहिली, निरोपाचं भाषण करणारी) आहे, गुरुवारी स्टेजवर भाषण. मसुदा आधी दाखवावा लागतो, दाखवला, तर चार वाक्यांवर लाल रेघ मारून परत आला. गाझातल्या शाळांबद्दल होती ती, कुणाला शिवी नाही की काही नाही. प्रिन्सिपल म्हणे ही वाक्यं बोललीस तर डिप्लोमा (शाळा पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट) रोखू. पोरगी तीन दिवस धड जेवलेली नाही, तो कागद उशीखाली घेऊन झोपते. नवरा म्हणतो गप्प राहायला सांग, पुढे कॉलेज आहे. माझ्याच्याने ते सांगवत नाहीये. शाळेला असं करता येतं का हो?

कोलोरॅडोकर:
ताई, ऐकायला बरं वाटणार नाही पण स्टेज शाळेचं, माइक शाळेचा. 1988 च्या हेझलवूड निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, शाळेच्या नावाने जे छापलं-बोललं जातं त्याला शैक्षणिक कारण असेल तर शाळा कात्री लावू शकते. आमच्या इथे 2006 ला एका मुलीने मसुदा एक दाखवला आणि स्टेजवर येशूबद्दल भलतंच बोलली, माफी लिहून देईपर्यंत डिप्लोमा दिला नाही, 2009 ला अपील कोर्टातही ती हरली (कॉर्डर केस). तेव्हा दाखवायचं एक आणि बोलायचं दुसरं, हे तेवढं करू देऊ नका.

स्वाती_ऑस्टिन:
मान्य, पण टिंकर केस विसरू नका ना. 1965, आयोवा, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात दंडाला काळी फीत बांधली म्हणून मुलांना शाळेतून सस्पेंड केलं, त्यात मेरी बेथ अवघी 13 वर्षांची, आणि 1969 ला सुप्रीम कोर्टात 7 विरुद्ध 2 ने मुलं जिंकली. तुमच्या लेकीचं स्वतःचं म्हणणं वेगळं आणि शाळेचा कार्यक्रम वेगळा. पूर्ण भाषण इन्स्टावर टाकू दे, तिथे शाळेचा हात सहजी पोचत नाही. आणि डिप्लोमाची धमकी कुठल्या नियमात बसते ते ईमेलवर लेखी मागा, आजच. माइक शाळेचा असेल, मार्क तिचे आहेत!!

पुणे_टू_बॉस्टन:
हे सगळं पब्लिक शाळेपुरतं हं, प्रायव्हेट संस्थेला फर्स्ट अमेंडमेंट (घटनेतला भाषणस्वातंत्र्याचा हक्क) लागूच नाही. एमआयटीत 2025 ला भारतीय वंशाची क्लास प्रेसिडेंट गाझावर बोलली, दुसऱ्या दिवशीच्या पदवीदानाला तिला येऊ दिलं नाही. डिग्री मात्र रोखली नाही.

एडिसनची_आई:
ईमेल केला आत्ताच, सुपरिंटेंडंटना (प्रिन्सिपलच्या वरचे अधिकारी) सीसी करून. लेक शेजारी बसून वाचत होती, मग म्हणाली आई भूक लागलीये. पोहे टाकलेत, उत्तर आलं की लिहिते.