मदत हवी आहे: ‘तारा’ला मधलं नाव जमत नाहीये, रविवारी बारसं

केतकी_पुणे:
लेक आठ दिवसांची झाली. नाव ठरलंय, तारा. ह्यांच्या पणजीचं नाव. सासूबाईंच्या फार मनात होतं आणि मलाही आवडलं. गुरुजींनी पत्रिकेवरून अक्षर काढून दिलं ते ‘ण’ (हस्त नक्षत्र, तिसरा चरण). ण वरून कुणी काय नाव ठेवायचं? शेवटी तेच म्हणाले, तुम्हाला हवं ते ठेवा. सुटलो.

अडचण पुढेच आहे. आता मुलाच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे ना? ह्यांचं नाव राहुल. माझं सासरचं नाव राधिका (लग्नात तांदळात लिहिलेलं, राहुलला जुळावं म्हणून). म्हणजे पोरीचं पूर्ण नाव: तारा राधिका राहुल. मोठ्याने म्हणून बघा. ता-रा-रा-रा! लक्ष्मी रोडवरून बँड चाललाय असं वाटतं. दीर तर रोज तोंडाने ट्रम्पेट वाजवत खोलीत येतो.

‘तारा’ बदलावं, की मधे वेगळंच काही घालता येतं? रविवारपर्यंत ठरवायचंय. रात्री झोप नाही, त्यामुळे काही चुकीचं लिहिलं असेल तर समजून घ्या.

दूरदेशी:
आम्ही न्यू जर्सीत. इथे मधलं नाव वेगळं निवडतात, आजीचं, आवडत्या फुलाचं, कशाचंही. आमच्या मुलाला हवं ते ठेवता आलं असतं, तरी सवयीने माझंच लावलं. आता शाळेतले काही जण त्याला माझ्या नावाने हाक मारतात.

पेठकर:
आपल्याकडे मधलं नाव निवडायची वेळ लग्न ठरलं तेव्हाच गेली. आता बदलायचं तर पहिलं. ‘तारिणी’ चालेल का? पणजीही राहते आणि रा-रा पण तुटतो.

केतकी_पुणे:
तारिणी छान आहे, पण सासूबाई म्हणतात पणजीला कुणी तारिणी म्हणत नव्हतं.

सुमनमावशी:
अगं, घाई कशाला करतेस? जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण ती बाळाच्या नावाशिवायही होते. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आमच्या नातवाचं चार महिन्यांनी घातलं. एकदा चढलेलं नाव बदलायला मात्र फार खटपट पडते, म्हणून आधी नीट ठरव. बारशाला आत्या कानात जे सांगेल ते सांगू दे.

आणि नाव नुसतं म्हणून कळत नाही. गॅलरीत जाऊन, खाली मुलं खेळतायत असं समजून हाक मार. मग शिक्षिका हजेरी घेतात तसं सलग, आडनावासकट म्हण. पहिल्या नावाचं शेवटचं अक्षर आणि पुढच्याचं पहिलं सारखं आलं की एक गिळलं जातं. माझ्या भाचीचं ओवी विनायक. सगळे ‘ओविनायक’ म्हणतात, पोरगी मुलगा आहे की मुलगी कळत नाही.

पेठकर:
मावशी, ‘ओविनायक’ भारी आहे.

कागदपत्रवाला:
केतकीताई, एक विचारतो. आयडी केतकी, आणि सासरचं नाव राधिका म्हणताय. आधारवर काय आहे?

केतकी_पुणे:
केतकी. पॅन, पासपोर्ट, डिग्री सगळं केतकी. राधिका फक्त घरात.

कागदपत्रवाला:
मग राधिका आलीच कुठून? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांना तो क्रम आहे, पण आईचं नाव तिच्या कागदपत्रांवर असेल तेच लागणार. तारा केतकी राहुल. म्हणून बघा.

पण त्याआधी हॉस्पिटलात जन्मनोंदीचा फॉर्म कुणी भरला ते विचारा. तिथे आईच्या रकान्यात राधिका गेलं असेल तर पुढे शाळाप्रवेश आणि पासपोर्टला आईचं नाव जुळणार नाही. महापालिकेत चढण्याआधी दुरुस्ती सोपी, नंतर चकरा.

केतकी_पुणे:
अरे देवा. फॉर्म सासऱ्यांनी भरलाय.

सुमनमावशी:
मग आजच फोन कर. बाळाला कुणाकडे तरी दे.

केतकी_पुणे:
अपडेट. राधिकाच लिहिलं होतं. फॉर्म अजून हॉस्पिटलातच पडून होता. हे माझ्या आधारची झेरॉक्स घेऊन गेले आणि दुरुस्त करून आले. कागदपत्रवाला, तुमचे उपकार.

तारा केतकी राहुल. गॅलरीतून हाक मारून पाहिली, खालच्या काकूंनी वर बघितलं. सासूबाई जरा गप्प आहेत. ‘मग आम्ही ठेवलेल्या नावाचं काय?’ म्हणाल्या. म्हटलं, तुम्ही राधिकाच म्हणा, मी ओ देते.

दीर नवीन चाल शोधतोय.