मदत हवी आहे: बॅफलचा रॉड तेलाच्या नळीला घासतोय

मंडळी, घरी बांधत असलेल्या दोन आसनी विमानावर लायकमिंग ओ-३२० इंजिन बसवलंय. बॅफलचे (हवा सिलिंडरभोवती वळवून इंजिन थंड ठेवणारे) पत्रे कापून, वाकवून झाले, वरून सगळं छान दिसतंय. घोडं अडलंय ते सिलिंडरखालच्या रॉडपाशी.

पुढच्या आणि मागच्या बॅफलची खालची दुमड ओढून फिनांना (सिलिंडरवरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पात्यांना) टेकवणारा हा रॉड. साधारण ३ मिमी जाडीची स्टेनलेसची सळई, दोन्ही टोकांना आटे. सरळ घातला तर वाटेत इनटेक पाईप येतो, म्हणून मधे बाक दिला. हातात धरून पाहिलं तेव्हा व्यवस्थित जागा होती. नट आवळायला घेतला की रॉडही त्याच्याबरोबर फिरतो आणि बाक जाऊन बसतो थेट तेल परतीच्या नळीवर. परवा नळीवर मार्करने काळा पट्टा ओढला, दोनदा नट आवळून सोडला, तर शाई तेवढ्यात पुसली गेली! इंजिन चालू झाल्यावर तिथे काय होईल ते सांगायला नको.

रॉड ढिला ठेवला तर दुमड आणि फिनांमधून बोट सहज जातं. म्हणजे हवा फिनांतून न जाता तिथूनच पळणार. सिलिंडर हेडसाठी (सिलिंडरच्या टोकाचा भाग) कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट असली तरी सलग चालवताना ४३५ च्या खाली राहा म्हणतात. नव्या इंजिनात पहिले काही तास तसंही तापमान चढं असतं, त्यात ही गळती नको.

तर रॉड फिरू न देता नट कसा आवळायचा? आणि किती आवळायचा? बाक नव्याने दुसऱ्या बाजूला द्यावा का?

प्रतिसाद १
रॉडच्या टोकाला हॅकसॉने बारीक खाच पाडा. तिथे स्क्रूड्रायव्हर धरला की रॉड फिरत नाही. दुमड फिनांना टेकली की थांबा. ताण वाढवलात की बाक सरळ व्हायला बघतो आणि पुन्हा नळीकडे सरकतो, शिवाय पत्रा भोकापाशी तडकतो. भोकापाशी रुंद वॉशर घाला. लॉकनट पूर्ण धातूचाच हवा, नायलॉनवाला त्या उष्णतेत टिकत नाही.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण बाकही बदलाच. एका मोठ्या बाकाऐवजी दोन छोटे द्या, मधला भाग सिलिंडरला समांतर ठेवा. नुसती सिलिकॉनची नळी चढवून भागवू नका. तीही घासून फाटते आणि आत काय चाललंय ते दिसत नाही.

अवांतर: तीन नंबरच्या सिलिंडरच्या मागे आणि दोन नंबरच्या पुढे हेडच्या फिना फार उथळ असतात. तिथे पत्रा घट्ट चिकटवलात तर हवाच कोंडते. थोडी फट सोडावी लागते. बाकीच्या फटी शोधायला अंधारात खाली दिवा लावून वरून बघा. उजेड जिथून येईल तिथे उष्णता सोसणारं सिलिकॉन भरा.

धागाकर्ता
खाच पाडली, रॉड जागचा हलला नाही. नळीपासून आता बोटभर अंतर आहे. दुसऱ्या बाजूचा मात्र नव्यानेच वाकवतो, तो पहिल्यापासूनच बिघडवलाय मी. तीन नंबरच्या मागची फट किती ठेवलीत तुम्ही?