मदत हवी आहे: लोनवर घेतलेली जुनी गाडी सारखी बंद पडते

आडगावकर
परवा कसारा घाटात पुन्हा बंद पडली. पाचवी वेळ. गाडीत बायको, दोन मुलं, मागे ट्रकची रांग. टोइंगवाल्याने साडेचार हजार घेतले. मेकॅनिक दर वेळी नवीनच काहीतरी सांगतो. महिन्याला १०,४०० हप्ता जातो तो वेगळाच. हप्ता थांबवला तर चालेल का? ५ तारखेला पुन्हा कापला जाईल, लवकर सांगा.

पाथर्डी फाटा
पेट्रोल की डिझेल? कोणत्या सालची? बंद पडते म्हणजे गरम होते, की स्टार्टच होत नाही? घेतली कोणाकडून?

द्राक्षबाग
मुळात कसारा घाटातून गेलातच का? समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ पासून सुरू आहे. मी आता मुंबईला दुसऱ्या रस्त्याने जातच नाही.

पाथर्डी फाटा
अहो, त्यांची गाडी गरम होत असेल तर समृद्धीवर तरी कुठे टिकणार? आधी त्यांना उत्तर देऊ द्या.

आडगावकर
डिझेल, २०१५ ची. शहरातल्याच एका डीलरकडून ४ लाख १० हजारांना घेतली, ३ लाख लोन, तीन वर्षांचं. चार हप्ते गेले. चढ लागला की तापमानाचा काटा वर जातो. आतापर्यंत थर्मोस्टॅट, फॅनचा रिले, वॉटर पंप बदलून झालं. खाली थेंब पडलेला दिसत नाही, पण कूलंटची बाटली आठवड्याला अर्धी होते.

ग्रीसहात
हे आधी सांगायला हवं होतं. बाहेर गळत नाही आणि कूलंट कमी होतंय, म्हणजे हेड गॅस्केटचा (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) संशय घ्यायलाच हवा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना ऑइल भरायचं झाकण काढा आणि आतून बघा, दुधाळ साय असेल तर ऑइलमध्ये कूलंट जात असण्याची शक्यता आहे. गरम असताना रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, तोंडावर वाफ येते.

वसंत सिन्नर
लगेच हेड उघडायला लावू नका. मला असंच सांगून २८ हजारांना उतरवलं आणि शेवटी रेडिएटर चोकअप निघाला. आधी तो साफ करा.

ग्रीसहात
वसंतराव, हेड उघडा असं मी लिहिलंच नाही. चोकअप रेडिएटर कूलंट पीत नाही. आधी कूलंटमध्ये एक्झॉस्टचा गॅस येतो का ते तपासायचं, मग खर्चाचं बोलायचं.

गोदाकाठ
हप्ता थांबवू नका, हात जोडून सांगतो. लोन देणाऱ्याच्या लेखी गाडी बिघडली हा तुमचा आणि डीलरचा विषय. हप्ता चुकला की दंड लागतो, सिबिल बिघडतो आणि शेवटी गाडी उचलतात. माझ्या मेव्हण्याने रागात तीन हप्ते सोडले, नंतर घराच्या लोनला नकार आला.
भांडायचं ते डीलरशी. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून बिघाडाचा लेखी रिपोर्ट घ्या, पाचही वेळची बिलं जोडा, डीलरला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस द्या. दाद नाही दिली तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते. आधी १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, फोन करा. आणि आरसी तुमच्या नावावर झाली ना?

आडगावकर
डीलर म्हणाला होऊन जाईल, कागद पेठ रोडला आरटीओत दिलेत.

गोदाकाठ
चार महिने? उद्याच आरसीचं स्टेटस बघा. अजून जुन्या मालकाचं नाव असेल तर नोटिशीत तोच पहिला मुद्दा. विमा कोणाच्या नावावर आहे तेही बघा. उद्या अपघात झाला तर कोण निस्तरणार?

द्राक्षबाग
मी तर म्हणतो विकून टाका आणि सीएनजी घ्या.

पाथर्डी फाटा
लोन फिटल्याशिवाय किंवा एनओसीशिवाय विकता येते का? काहीही सांगू नका.

आडगावकर
आत्ता झाकण काढलं. आतून पिवळसर, दुधावरच्या सायीसारखं जाड काहीतरी चिकटलंय, बोट फिरवलं तर ओघळलं.
आरसीवर अजून आधीच्या मालकाचंच नाव आहे, विमाही त्याच्याच नावाचा. हप्ता भरतो. गाडी चालवत नाही, उद्या टोइंगने सर्व्हिस सेंटरला नेतो, रिपोर्ट लेखीच घेतो. गोदाकाठ, नोटीस वकिलाकडूनच लागते, की मी स्वतः लिहिली तरी चालेल?

गोदाकाठ
स्वतः लिहिली तरी चालते. तारखा, बिलांच्या रकमा, आरसीचा मुद्दा आणि उत्तरासाठी १५ दिवस, एवढं स्पष्ट लिहा. मसुदा इथे टाका, मी बघतो. डीलरचं नाव मात्र इथे लिहू नका.