पावसाळ्यात जाळी सैल पडते: लाकडी चौकटी बदलाव्यात काय?

प्रश्न (म्हापसा):
चवथीच्या आधी मंडळांचे टी-शर्ट आणि कापडी पिशव्या स्क्रीन प्रिंटिंगने छापून देण्याचे काम मी करतो. सागवानी चौकटीवर नायलॉनची जाळी हाताने ताणून स्टेपल केलेली आहे. उन्हाळ्यात दोन रंगांची छपाई नेमकी बसते. परंतु जून उजाडला की दुसऱ्या रंगाच्या कडा पहिल्याशी जुळत नाहीत, आणि स्क्रीन धुताना इमल्शनही (नक्षी उमटवण्यासाठी जाळीवर दिलेला, प्रकाशाने कठीण होणारा लेप) जागोजागी निघून येते. सर्व चौकटी ॲल्युमिनियमच्या घेण्याचा खर्च करावा काय?

उत्तर (मडगाव):
आधी जाळी बदलावी. दमट हवेत नायलॉन आपल्या वजनाच्या सुमारे 4 टक्के ओलावा शोषून सैल पडते, तर पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषते. सैल जाळी स्क्वीजीखाली (शाई ओढण्याच्या रबरी पात्याखाली) सरकते आणि स्क्वीजी पुढे गेल्यावर कापडापासून लगेच सुटत नाही, म्हणून कडा फाकतात. लाकूड निर्दोष आहे असे मात्र नाही: पट्टी लांबीत फारशी वाढत नसली, तरी ती पिळवटते आणि कोपऱ्यांचे सांधे ढिले होतात. सपाट टेबलावर चौकट ठेवून कोपरे दाबून पाहावेत. जी डगमगते तिच्यावर एकरंगी कामच करावे. दोन रंगांसाठी लागतील तेवढ्याच चौकटी ॲल्युमिनियमच्या घेतल्या तरी पुरे.

उत्तर (फोंडा):
इमल्शन सुटण्याचा चौकटीशी संबंध नाही. लेप आतून ओलसर असताना एक्सपोजर दिले, म्हणजे नक्षी उमटवण्यासाठी त्यावर प्रकाश टाकला, तर तो पुरता कठीण होत नाही आणि पाण्याबरोबर वाहून जातो. पावसाळ्यात नुसता पंखा लावला, तर तो दमट हवाच फिरवत राहतो. लहान बंद खोलीत आर्द्रताशोषक यंत्र चालवावे, स्क्रीन आडवी आणि छपाईची (कापडाला टेकणारी) बाजू खाली करून अंधारात वाळवावी, व उष्णता दिलीच तर ती 40 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ देऊ नये. शाई पाण्याची असल्यास पाण्याला टिकणारे इमल्शनच घ्यावे. दुकानदार विचारल्याशिवाय हा भेद क्वचितच सांगतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पॉलिएस्टरची जाळी कितीची घ्यावी?

उत्तर (मडगाव):
टी-शर्ट आणि पिशव्यांना सेंटिमीटरला 43 धाग्यांची पुरते. कागदी पत्रिकांवरची बारीक अक्षरे छापायची असल्यास 100 ते 120 धाग्यांची वेगळी ठेवावी, कारण कापडासाठीच्या जाळीतून कागदावर शाई गरजेपेक्षा जास्त उतरते.